शेजारच्या दारातला सडा
रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की सेनगावजवळचं ते खेडं आठवतं. आयर्लंडमधल्या ओसाड दगडी घरांची चित्रं पाहून मीही इथली रिकामी घरं रंगवत हिंडत होतो. पुण्याला गेलेल्या कुटुंबाचं एक घर सापडलं, छप्पर खचलेलं, मागे तुरीचं रान. शेजारची म्हातारी येऊन चित्र न्याहाळू लागली. "दारात गवत काहून दाखवलं? मी रोज सडा टाकून राहिले तिथं. पुण्याहून त्यायची लेकरं आली तर दार सुनं दिसू न्हाई." अंगण खरंच ओलं, स्वच्छ होतं. मी म्हणालो, "मावशी, चित्राला ओसाडपणा लागतो." ती शेणाची बादली उचलून निघून गेली. यंदा पुन्हा गेलो, तर त्या दारात माझ्या चित्रातल्यासारखंच गवत होतं, आणि तिच्याही दारात.