विहिरीचा मूळ दाब

सरांचा मला राग होता, आणि तो लपवायचं काही कारण आता उरलेलं नाही. तेल कंपनीतून निवृत्त होऊन, हवा चांगली म्हणून ते नाशकात आले, गंगापूर रोडवर दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं आणि लांबलांबच्या तेलविहिरींच्या चाचण्या इथं बसून वाचायला लागले. वाचायचं मी, सही त्यांची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ऑफिसात आम्ही दोघंच.

एकदा विंचूरकडचा एक बागायतदार पाटी बघून आत शिरला. "मॅडम, आमच्या बोअरचं बी बघा की. दोन तासांत पाणी तुटतंय, लय हाल हाय." सरांनी मानही वर न करता त्याला दार दाखवलं. मी जिन्यापर्यंत गेले आणि सांगितलं, पंप बंद केल्यावर पाणी कसं चढतं ते बघा, त्यावरून खाली काय आहे त्याचा अंदाज येतो. "एवढंच? ते तर आमी रोज बघतो," तो म्हणाला. मी परत आले तर सर म्हणाले, "समाजकार्य झालं असेल तर कामाला लागा."

आमचं कामही तेवढंच होतं, फक्त जास्त किचकट. चाचणीत विहीर उघडतात, बंद करतात, प्रवाह कमीजास्त करतात आणि दाबाच्या नोंदीत या सगळ्याचा काला होतो. डीकन्व्होल्यूशन नावाचं गणित तो काला सोडवतं: विहीर पहिल्यापासून एकाच प्रवाहानं वाहिली असती तर दाब कसा बदलला असता, याचा आलेख हाती येतो. त्या आलेखाचं शेपूट, म्हणजे शेवटचा भाग, उभं वर चढलं तर साठा चहूकडून बंद आहे, बेताचा आहे; आडवं राहिलं तर साठा लांबवर पसरलेला आहे. पण हे सगळं विहीर उघडण्याआधीच्या मूळ दाबावर बेतलेलं. तो आकडा जरा इकडचा तिकडे केला की शेपूट म्हणाल तसं वळतं.

एका विहिरीचं शेपूट असंच सरळ वर चढलं होतं. गिऱ्हाईकाला मात्र शेजारी दुसरी विहीर खणायची होती, आणि सरांना गिऱ्हाईक टिकवायचं होतं. "मूळ दाब थोडा खाली घ्या. दाब मोजणाऱ्या गेजची चूक धरा," ते म्हणाले. मी घेतला. शेपूट मुकाट्यानं आडवं झालं.

पण या कामात एक पडताळा असतो. विहीर दोनदा बंद केली असेल तर दोन्ही वेळच्या नोंदी वेगवेगळ्या सोडवायच्या. मूळ दाब खरा असेल तर दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. मोजलेल्या दाबाला ते बसले होते. सरांच्या दाबाला फाकले. मी ते चित्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हे कुणी मागितलं होतं?"

"कुणी नाही, सर. पण..."

"मग अहवालात नको."

मी ते पान काढलं. नोकरीची भीती होतीच. शिवाय मनातल्या मनात शिव्या घालणं तोंडावर बोलण्यापेक्षा सोपं होतं, आणि त्यात मी तरबेज झाले होते.

दुसरी विहीर खणली गेली. वर्ष सरायच्या आत दोन्ही विहिरींचा दाब कोसळला. गिऱ्हाईकाच्या इंजिनीअरचा फोन आला. स्पीकर चालू होता, सर माझ्यासमोर बसलेले.

"मूळ दाब आमच्या मॅडमनी ठरवला," सर शांतपणे म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिकडून प्रश्न आला, "मॅडम, विहीर दोनदा बंद केली होती ना? दोन्ही वेळच्या नोंदी वेगवेगळ्या सोडवून बघितल्या होत्या का?"

चित्र माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. हो म्हटलं असतं तर सर तिथल्या तिथे उघडे पडले असते, आणि त्याच क्षणासाठी तर मी टपून बसले होते. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता: मग ते अहवालात का नाही?

"नाही," मी म्हणाले. "राहून गेलं."

"इतकी साधी गोष्ट?" तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर सरांनी खालून चहा मागवला. एरवी एकच यायचा, त्या दिवशी दोन आले. त्यांनी माझा ग्लास स्वतःच्या हातानं माझ्यापुढे सरकवला. मी तो प्यायले.