दादाची तपासणी

विमा एजंट म्हणून तिची अर्धी हयात गेली होती, पण तिला तिच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला उपाशीताई म्हणत. ज्याची वैद्यकीय तपासणी ठरली असेल, त्याला आदल्या संध्याकाळी तिचा फोन जायचाच. "जेवण लवकर उरका. मग सकाळपर्यंत तोंडात काही टाकायचं नाही. पाणी चालेल. चहा नाही. बिनसाखरेचा म्हणाल, तर तोही नाही."

"ताई, विमा मेल्यावर कामाला येतो म्हणतात," एक कापडवाला म्हणाला होता. "तुम्ही तर आधीच मारायला निघालात."

बाकीचे एजंट प्रयोगशाळेचा पत्ता पाठवून मोकळे होत. ही मात्र रक्त घ्यायला येणाऱ्या तंत्रज्ञाला घेऊन घरी जायची. सुईला कोण घाबरतं, हे तिला चेहऱ्यावरून कळे. त्याला ती आधीच आडवं करी. छातीवर केसांचं रान असलेल्या पुरुषांना दाढीचं सामान काढून ठेवायला सांगे, कारण एरवी ईसीजीच्या चकत्या चिकटत नाहीत. सिगारेट-दारूचा प्रश्न आला की घरातल्या बाईला ती पाणी आणायला पाठवी. बायकोसमोर माणूस निर्व्यसनी होतो, हा तिचा अनुभव होता.

तिच्या हातून विमा न घेतलेला जवळचा माणूस एकच होता, तिचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादाने शाळा सोडून गॅरेज धरलं आणि हिला शिकवलं. पुढे त्याने स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. गावातल्या निम्म्या लोकांना त्याने गाडी शिकवली होती. शिकणाऱ्याच्या शेजारी, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून तो दिवसभर बसलेला असे. अंगाने भरलेला, आवाजाने मोठा, हसण्यात त्याहून मोठा. विम्याचं नाव काढलं की म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?"

मग त्याच्याच वयाचा एक मित्र बसल्या जागी गेला. वहिनीने डोक्यावर भुणभुण लावली आणि दादा तयार झाला.

तपासणी ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत झाली. वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली बाकावर दादा शर्ट काढून पडला होता आणि तंत्रज्ञाला विचारत होता, "तुम्ही कुठे शिकलात गाडी? आमच्याकडे नाही ना? मग जपून जा." तंत्रज्ञ हसला. त्याने दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला. पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "ताई, साहेबांना जरा शांत पडू द्या." पुढे तो हसला नाही. निघताना तिच्याकडे न बघता त्याने बाटल्या पेटीत भरल्या.

कंपनीने प्रस्ताव नाकारला. कारण लिहिलं नव्हतं. असं पत्र एजंटच्या हाती येतं आणि ते तिने पोहोचतं करायचं असतं. तिने ते स्वतः दादाच्या हातात दिलं.

"कारण ते सांगत नाहीत," ती म्हणाली, "पण उगाच नाकारत नाहीत. रक्तदाब असेल, आणखीही काही असेल. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल."

दादाने पत्राची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "तुझ्या वहिनीला सांगू नकोस," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "इतक्या जणांचं रक्त जातं. एखाद्याचं इकडचं तिकडे होत नाही का?"

"होतं. करणारे करतात. मी नाही करत."

"परक्यांसाठी नको करूस. मी परका आहे का?"

"परका असतास तर पत्र देऊन निघून गेले असते. दादा, डॉक्टरकडे चल."

तो आला नाही. तिचे फोन घेईनासा झाला.

गावात दुसऱ्या एका कंपनीचा एजंट होता. तो सदा हसतमुख असे, म्हणून त्याला हसऱ्याच म्हणत. त्याने दादाचं काम चुटकीसरशी केलं. ओळखीच्या प्रयोगशाळेत दादाच्या नावाने दुसऱ्याच कुणा तरण्याबांड माणसाचं रक्त गेलं. याआधी कुणी विमा नाकारला आहे का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं गेलं. पॉलिसी घरी आली.

दादाने तिला मुद्दाम बोलावून ती दाखवली. "बघ. यांना काही सापडलं नाही."

तिला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. वहिनी आत होती, म्हणून ती दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, ते रक्त तुझं नव्हतं."

"वजन माझंच होतं. उंची माझीच होती. सगळं काय खोटं असतं?" तो हसला, पण थट्टा करत नव्हता. त्या कागदावर त्याचा खरोखर विश्वास बसला होता.

वहिनीला तर काही ठाऊकच नव्हतं. दादाच्या पायांवर सूज यायला लागली, तेव्हा ती म्हणाली, दिवसभर गाडीत बसून येतेय. चेहरा सुजला, तेव्हा म्हणाली, झोप पुरत नाही. नणंदेने डॉक्टरचं नाव काढलं की तिचा पारा चढायचा. "त्या कंपनीने तपासूनच घेतलंय ना? ह्यांचं काम तुमच्याकडून गेलं नाही, म्हणून तुम्हाला सगळीकडे रोग दिसतो."

हे ऐकून ती घरी आली. खरं सांगितलं असतं, तर दादाने वहिनीपासून लपवलेलं सगळं उघडं पडलं असतं. तिने ते सांगितलं नाही, आणि पुढे ते तिला छळत राहिलं.

एका सकाळी सिग्नलला गाडी थांबली असताना दादा शेजारच्या खिडकीकडे कलला. शिकायला बसलेल्या बाईला वाटलं, सर आरसा बघताहेत. दवाखान्यात कळलं की रक्तदाब जुना होता आणि मूत्रपिंडं कामातून गेली होती. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर पुष्कळ वर्षं निघाली असती, असं तिथला डॉक्टर म्हणाला. शुद्धीवर असताना दादाने बायकोला पत्रापासून रक्तापर्यंत सगळं सांगितलं. मग तो गेला.

पॉलिसी अजून कोवळी होती. नव्या पॉलिसीवर लगेच दावा आला की कंपनी खोलात शिरते. चौकशीला माणूस येणार हे कळल्यावर वहिनी नणंदेच्या दारात आली आणि चप्पल न काढताच बोलली.

"तुम्ही ती तपासणी केली नसती, तर कुणाला काही सापडलं नसतं."

"वहिनी, तपासणीने दादा गेला नाही."

"मला ते ऐकवू नका. मला एवढंच सांगा, आता माझ्या पोरीचं काय?"

चौकशीचा माणूस सभ्य होता. रक्ताची अदलाबदल त्याला सिद्ध करता येत नव्हती. जुना नकार मात्र त्याच्या हाती लागला होता. "मला एकच हवंय," तो म्हणाला. "नकाराची गोष्ट तुमच्या भावाला माहीत होती का? पत्र तुमच्याकडे आलं होतं."

तिला दादाच्या खिशातली ती घडी आठवली.

"मी पत्र दिलंच नाही," ती म्हणाली. "घाबरेल म्हणून. सगळं ठीक आहे, असं सांगितलं."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

"कळतोय. लिहा."

माहीत नसलेली गोष्ट लपवता येत नाही, म्हणून दाव्याचे पैसे मिळाले. तिच्या कंपनीने तिची एजन्सी काढून घेतली. ज्यांच्या घरी ती सकाळी सकाळी जायची, ते रस्त्यात तिला टाळू लागले. सख्ख्या भावाचा रोग हिने दाबून ठेवला म्हणे, मग आपला काय सांगणार? हसऱ्याचं मात्र बरं चाललं. तिची काही गिऱ्हाइकंही त्याच्याकडे गेली.

वर्षभराने भाचीला नोकरी लागली, म्हणून वहिनीने जेवायला बोलावलं. ताटावर बसल्यावर भाचीने विचारलं, अगदी साधेपणाने, "आत्या, पत्र आलं होतं, तर बाबांना का नाही सांगितलंस?"

तिने वहिनीकडे पाहिलं. निदान आज, घरातल्या घरात, वहिनी खरं बोलेल, असं तिला वाटलं.

वहिनी वाढत होती. "जाऊ दे गं," ती मुलीला म्हणाली. "मायेपोटी झाली चूक. आपल्या माणसाला माफ नाही करायचं, तर कुणाला?"

"वहिनी, पत्र मी..." तिने तोंड उघडलं आणि थांबली. वहिनीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज नव्हती, गप्प राहा अशी विनवणीही नव्हती. होती ती दया. आपण नणंदेला मोठ्या मनाने क्षमा केली आहे, असं त्या बाईला खरोखर वाटत होतं.

ताटात वाढलेलं तिने संपवलं. भाची पायऱ्यांपर्यंत सोडायला आली, पण पुन्हा ये म्हणाली नाही.