गळालेला ‘नाही’

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात; माझी शाळा सुटली नाही ती गावच्या शाळेतल्या गुरुजींमुळे. वसतिगृहाचा अर्ज त्यांनीच भरला. निबंधात शब्द राहिला की त्या जागी ते लाल शाईने काकपदाची खूण करत आणि वर राहिलेला शब्द लिहीत. त्या शुद्धलेखनाच्या बळावरच मला गेवराईत एका साप्ताहिकात मुद्रिते तपासायचे काम मिळाले.

तिथे एका पुढाऱ्याच्या नावाने लेखमाला चालू होती — देशाला नवी घटना हवी. प्रत्यक्षात लेख मी लिहीत होते. पटत होते का? विचारच केला नाही. लोक वाखाणत होते, तेवढे पुरत होते.

चौथ्या लेखावर साप्ताहिकाकडे गुरुजींचे पत्र आले. एकेक मुद्दा त्यांनी शांतपणे खोडला होता. शेवटी लिहिले होते : ‘लेखकाची भाषा चांगली आहे. कोणत्या घटनेमुळे तो शिकू शकला, हे त्याने आठवावे. देशाला नवी घटना हवी, असे मी म्हणणार नाही.’

संपादक म्हणाले, जागा कमी आहे, छाट. मी मुद्दे काढले. भाषेचे वाक्य काढले, त्यापुढचे ‘आठवावे’ही काढले. मग — हात अडखळला का? नाही अडखळला — शेवटचा ‘नाही’ काढला.

अंक निघाला तसे गावातल्या हॉटेलात लोकांनी गुरुजींना धरले. “काय गुरुजी, शेवटी तुमीबी पलटी मारली व्हय!”

ते कचेरीत आले. रागावलेले नव्हते. “पोरी, एक शब्द गळाला बघ. तुज्या नजरेतून कसा सुटला?”

“ऑपरेटरची चूक हाय, गुरुजी.”

“मला वाटलंच. तू आसं करायची न्हाईस.”

दुरुस्ती छापते, मी म्हणाले. छापली नाही.

पुढच्या आठवड्यात मी गावी गेले. वाचनालयातल्या अंकात शेवटच्या ओळीवर लाल काकपद होते, वर ‘नाही’. हॉटेलातल्या अंकात तेच. सलूनमधल्या अंकातही — गुरुजी पेन घेऊन गावभर फिरले होते. दुसऱ्या कुणाची तरी चूक समजून.

त्या अंकाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. त्यात ती जागा अजून रिकामीच आहे.