मामांचं इथिओनिन

हिंगोली जिल्ह्यात लिव्हर या अवयवाची काळजी वाहणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तरुणपणी त्यांनी उंदरांना इथिओनिन नावाचं विष टोचून पीएचडी मिळवली होती आणि त्या विषाचा अंमल मामांवरून अजून उतरलेला नाही. कोणी "तब्येत कशी?" विचारलं की ते स्वतःची सोडून लिव्हरची सांगतात. शिरड शहापूरच्या एका लग्नात, भर पंगतीत, त्यांनी वरपित्याकडे बोट दाखवलं. "मेथिओनिन, म्हणजे अन्नातलं गरजेचं अमिनो आम्ल, समजा हे खरे व्याही. इथिओनिन म्हणजे तसाच फेटा बांधून आलेला तोतया. फरक एका कार्बनचा. लिव्हरला तो ओळखू येत न्हाई. सगळं सरपण, म्हणजे एटीपी, त्याच्याच पाहुणचारात जाळून बसतं. मंग आरएनए कशावर बनवायचं? काय रांधायचं त्याच्या चिठ्ठ्याच निघणं बंद." वरपिता जेवण उरकेपर्यंत फेटा चाचपत होता. बायकोने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जणू मामा माझ्याकडचे होते.

मामांचं बोलणं सुरू झालं की माणसांना गुरं बांधायची आठवण होते. मग ती शहरात राहणारी का असेनात. शेवटपर्यंत ऐकून घेतात त्या फक्त सीताबाई. डोंगरकडा गावात मामांच्या घरी त्या तांड्यावरून दूध घालायला येतात. एकदा सकाळी मी ओट्यावर चहा पीत होतो आणि मामा त्यांना तोतया पाहुण्याची गोष्ट सांगत होते.

"मंग ते उंदरं मेले काय, सर?" सीताबाईंनी विचारलं.

"काहून मरतील? वेळेवर मेथिओनिन दिलं की एटीपी भरतो, आरएनए पुन्हा बनून राहतं. लिव्हर बराबर पहिल्यासारखं."

"मंग बरे झाल्यावर सोडून दिले व्हय?"

हा प्रश्न मामांना आजवर एकाही परीक्षकाने विचारला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला.

"न्हाई," ते म्हणाले. "बरे झाले का ते पाहायला लिव्हर काढावं लागायचं."

सीताबाईंनी दूध मापलं आणि वर थोडं जास्तच घातलं.

हल्ली घरात पिंजऱ्यात उंदीर सापडला की मामा तो स्कूटरवर ठेवून माळापर्यंत नेतात. मामी म्हणतात, तोच संध्याकाळी परत येतो. मामा वाद घालत नाहीत. पिंजऱ्याचं दार उघडतात आणि उंदीर गवतात दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभे राहतात.