डावऱ्या हाताची काजं

आई गेली त्याला पंधरा दिवस झाले होते, आणि फौजदाराने मनातल्या मनात वहिनीवर खटला भरूनही टाकला होता. फौजदार म्हणजे धाकटी लेक. पोलिसांशी तिचा काडीचा संबंध नाही. ती एका शाळेच्या ऑफिसात हजेऱ्या तपासते. नाव आईनेच ठेवलेलं. आठ वर्षांची असताना डब्यातली साखर कुणी खाल्ली याचा छडा तिने मुंग्यांच्या रांगेवरून लावला आणि दादाला मार बसला, तेव्हापासूनचं.

हा दादा आता जहाजावर होता. त्याला अंत्यविधीला पोचता आलं नव्हतं. येत्या शनिवारी तो येणार होता. आल्याबरोबर त्याला समोर बसवायचं आणि सांगायचं, तुझ्या बायकोने आईला शेवटची दोन वर्षं छळलं. मावशीला तर फौजदाराने फोनवर सांगून टाकलंच होतं. पुरावा तेवढा कमी पडत होता. म्हणून आईचे कपडे आवरायचं निमित्त काढून ती भर दुपारी येऊन धडकली.

आई काजं करायची. नवरा लवकर गेला, पदरात दोन पोरं, तेव्हा रस्त्यापलीकडच्या टेलर मास्तरांनी दहा शर्ट दिले आणि म्हणाले, बघा जमतंय का. आई डावरी. तिचा टाका उलट्या बाजूने चालायचा, आणि ते बघून मास्तरांनी आधी नाक मुरडलं. पण शर्ट विरून जायचा तरी ते काज काही उसवायचं नाही. पुढे पुढे गिऱ्हाइकंच डावऱ्या बाईंची काजं मागू लागली. "कापड तुमचं, शिलाई तुमची, पण माझ्या भोकाशिवाय माणूस छाती उघडी टाकून हिंडेल," असं ती मास्तरांना तोंडावर सुनवायची. चाळीस वर्षं खिडकीपाशी बसून, मेण लावलेला दोरा दातांनी तोडत, तिने पोरं शिकवली. साधी भोळी वगैरे अजिबात नव्हती. महातापट. चहा गार झाला की कप सरकवून द्यायची. पण धाकटीवर तिचा जीव होता.

आणि अशा बाईची खोली कशी ठेवली होती? टेबल, शिवणाची खुर्ची, कपाट, सगळं भिंतीला नेऊन चिकटवलेलं, मध्ये मोकळं मैदान. झाडायला सोपं जातं, असं वहिनी मागे म्हणाली होती. फौजदाराला तेव्हाच पटलं नव्हतं. म्हातारीला कोपऱ्यात ढकलायची ही रीत, दुसरं काय! स्वयंपाकघरात डब्यांना रबरबँड लावलेले दिसत, तेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आईने खुणा करून ठेवल्या होत्या, म्हणजे कुणीतरी तिच्या डब्यांत हात घालत होतं. घरात आईखेरीज माणूस एकच. कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

कपाटाच्या तळाशी पिशवी सापडली. मास्तरांना द्यायचे राहिलेले सहा शर्ट. फौजदाराने एक काज उजेडात धरलं आणि तिचे डोळे चमकले. टाका सरळ बाजूने चालला होता.

"वहिनी, ही काजं कोणाची?"

दारात उभ्या असलेल्या वहिनीचा चेहरा उतरला. "आईंची."

"खोटं. उजव्या हाताची आहेत ही. आईच्या नावावर तुम्ही काम घेत होता. तिचं काम काढून घेतलंत तुम्ही, तिची खोली घेतलीत, आणि मी काय आंधळी आहे?"

वहिनी खुर्चीवर बसली.

"आईंना दिसत नव्हतं, वन्सं."

"काय?"

"काचबिंदू. डॉक्टर म्हणाले उशीर झालाय, गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं. मध्ये काही नको, अडखळते म्हणाल्या, म्हणून सामान भिंतीला लावलं. मिठाला एक रबरबँड, साखरेला दोन. मास्तरांचं काम सुटलं असतं तर त्या हाय खाऊन मेल्या असत्या. म्हणून मला शिकवलं. काजावरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, उसव. एका शर्टापायी दिवसभर उसवलंय मी."

फौजदार अशी हार मानणारी नव्हती. "दर रविवारी माझा ड्रेस बघून बोलायची ती. निळा तुला शोभतो म्हणायची. तो कसा दिसायचा मग?"

"तुम्ही रस्ता ओलांडायला लागलात की मी खिडकीतून बघायचे आणि त्यांना सांगायचे."

आता मात्र फौजदार पलंगावर टेकली. "आणि मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांगूया. तर म्हणाल्या, ती आठवड्यातून दोन तास येते. ते दोन तास ती माझे डोळे तपासत बसेल. मला तिच्याशी बोलायचंय."

फौजदार रडली नाही. लाजेने तिचे कान तापले होते. माणसाला आपलीच किळस यावी तसं तिला झालं. शनिवारी दादासमोर आपण काय बोलणार होतो, हे आठवून तिने फोन उचलला आणि वहिनीच्या देखतच मावशीला लावला.

"मावशी, वहिनीबद्दल तुला जे बोलले ते सगळं खोटं होतं. आईला..."

मावशीचा आवाज आधीच खणखणीत, त्यात कानाने कमी; सगळी खोली ऐकत होती. "दिसत नव्हतं, हेच ना? ठाऊक आहे मला. मागे आले होते तेव्हा ती माझ्या खांद्यापलीकडे बघून माझ्याशी बोलत होती. बहीण आहे ती माझी, मला कळणार नाही? पण तू गप्प होतीस म्हणून मीही गप्प बसले. तू तर दर रविवारी जायचीस. तुला कधी कळलं गं?"

वहिनी उठली आणि तिने फोन हळूच फौजदाराच्या हातातून काढून घेतला.

"मावशी, मी बोलतेय. वन्संना पहिल्यापासून माहीत होतं. कुणाला कळू देऊ नका, आईंना वाईट वाटेल, असं त्यांनीच मला बजावलं होतं. आधी त्या जे काही बोलल्या ते मनावर घेऊ नका. दुःखात माणूस काहीबाही बोलतं."

फौजदाराने ते खोटं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग तिला रडू आवरेना.