कागदावरच्या जुळ्या

निकालाच्या दिवशी सकाळी सगुणाबाईंच्या घरात तिघांना एकाच वेळी न्हाणी हवी होती, दूध उतू जायच्या बेतात होतं आणि सून राजेश्री इस्त्री शोधत सगळ्यांवर तोंड टाकत होती. तिसरी भाकरी तव्यावर पडली आणि दार वाजलं.

"केबलवाला असंल. उद्या ये म्हणावं," सगुणाबाई म्हणाल्या.

दारात सिस्टर जसिंता. पांढऱ्या झग्यावर हेल्मेट, मागे स्कूटी. कॉन्व्हेंट हायस्कूलच्या मुख्याध्यापिका सकाळी साडेसातला कुणाच्या घरी जात नाहीत, त्यामुळे राजेश्रीनं आधी खुर्ची पुसली आणि मग घाबरली.

सिस्टर मूळच्या केरळच्या, पण बारा वर्षं परभणीचं पाणी प्यालेल्या. "तुमी भाकरी करा, मी बोलते," त्या म्हणाल्या. "माझी बदली झालीय. परवा निघायलेय मी. तुमचं पत्र संस्थेला पाठवायचं तर आजच. बारा वाजता कुरिअरवाला येतो. बहिणीशी बोला लवकर."

सगुणाबाई या शाळेत सव्वीस वर्षं शिपाई. घंटा, फाटक, पाण्याची टाकी, पडलेल्या पोरांचे गुडघे, सगळं त्यांच्याकडे. मे संपला की अठ्ठावन्न पूर्ण म्हणून त्या निवृत्त होणार होत्या. अडचण एवढीच, की त्यांचं वय छप्पन होतं.

हा घोळ त्यांच्या वडिलांचा, लिंबाजींचा. पोखर्णीच्या शाळेत थोरल्या कमलला घालायला नेलं, तर धाकटी सगुणा रडत मागे आली. पाटी एकच होती. लिंबाजी गुरुजींना म्हणाले, "दोघींला एकाच वर्गात घ्या, आन् तारीख बी एकच लिवा." गुरुजींनी अर्ध्या गावाला जी लावली होती तीच एक जून दोघींना लावली, वर्षही एकच. तेव्हापासून कागदावर दोघी जुळ्या. एरवी या जुळ्यांत दोन वर्षांचं अंतर.

शाळेच्या कारकुनांनी, बन्सीधररावांनी, गावच्या जुन्या जन्मनोंदीची नक्कल काढून आणली होती. दोन वर्षांच्या अंतरानं दोन नोंदी, आणि दोन्हींत नुसतं 'मुलगी'. नाव नाही. कोणती कोण, हे सांगणारं आता एकच माणूस उरलं होतं. 'थोरली मी' असं कमलबाईंनी सही करून दिलं, की सगुणाबाईंना शाळेत आणखी दोन वर्षं मिळणार होती.

सिस्टर गेल्या. सगुणाबाईंनी पिठाच्या हातानंच सोनपेठला बहिणीला फोन लावला.

"कमलअक्का."

"अक्का म्हणू नको. हे इथंच बसलेत," कमलबाई कुजबुजल्या. "थांब, मागच्या दारी जाते."

त्यालाही कारण होतं. कमलला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पाणी द्यायला आलेली उंच सगुणा पसंत केली होती. धाकटीचं आधी झालं म्हटल्यावर थोरलीत काय खोट, असं कुणीही विचारणार. म्हणून लिंबाजींनी सोनपेठच्या पाहुण्यांना सरळ सांगून टाकलं, मोठीचं झालं, आता ही धाकटी. कमलबाई चाळीस वर्षं सासरी धाकट्या होत्या, आणि नवऱ्यापेक्षा, भगवानरावांपेक्षा, वर्षानं मोठ्या असून त्यांच्याकडून 'पोरकट हायस' ऐकून घेत होत्या.

"सहीचं बोलायलीस ना?" कमलबाई म्हणाल्या. "त्या बन्सीधराची सासुरवाडी इथलीच, आमच्याच गल्लीत. माझी सही त्याच्या हातात पडली, की सांजच्याला हे कट्ट्यावर बसून ऐकतेत."

"ते लय हसतील?"

"हसले तर परवडंल. माझ्या बापानं फसवलं म्हणतील. बाप तर गेला, ऐकून मला घ्यावं लागंल." मग म्हणाल्या, "तरी करते मी सही. तू म्हण फक्त. तुझ्या लग्नापायी मी एकदा धाकटी झालेच की. आता नोकरीपायी थोरली होते."

"बघते," म्हणून सगुणाबाईंनी फोन ठेवला. भाकरी मात्र करपली, आणि राजेश्रीनं ती गुपचूप स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

शाळेत नुसता गलका होता. पास झालेली पोरं ओरडत होती, काठावर पास झालेली त्याहून मोठ्यानं. पोरी एकमेकींच्या वहीवर मोबाइल नंबर लिहीत होत्या. "मावशी, मावशी" करत कुणी पेढा तोंडात कोंबला, कुणी पाया पडलं. सगुणाबाईंनी तीन जणांचे दाखले शोधून दिले, एकाची हरवलेली चप्पल काढून दिली, आणि पावणेबाराला ऑफिसात गेल्या.

"पत्र तयार हाय, मावशी," बन्सीधरराव म्हणाले. "बहिणीच्या सहीची जागा तेवढी रिकामी. मोबाइलवर फोटो मागवा, चालतंय."

"तुमी जरा कुरिअरवाल्याकडं बघा, आला का," सिस्टर त्यांना म्हणाल्या. ते गेल्यावर त्यांनी मान वर केली. "काय म्हणाली बहीण?"

"करते म्हणली."

"मग?"

"पत्र राहू द्या, सिस्टर. थोरली मीच हाय."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. बारा वर्षांत सगुणाबाईंनी त्यांना खोटं सांगितल्याचं आठवत नव्हतं, आणि हे तर इतकं कच्चं होतं.

"दोन वर्षं जातील तुमची."

"जातील की."

सिस्टरनी पत्राची घडी घातली आणि ते फाडलं. मग म्हणाल्या, "परवा मी नसेन. जाण्याआधी तुमच्यासाठी काय करू? काही तरी सांगा."

सगुणाबाईंनी पदर नीट केला.

"नव्या सिस्टरला एक चिठ्ठी लिवून ठेवा. जूनमध्ये शाळा उघडती त्या दिवशी पाचवीची नवी पोरं फाटकात रडतेत. तेवढा एक दिवस मला येऊ द्या."