आत्याबाईंचा डावा हात

आमच्या डहाणूत त्या काळी पाहुण्यांच्या जिवाची काळजी दोघंच घ्यायचे, एक देव आणि दुसऱ्या माझ्या आत्येसासूबाई. त्यातला देव कधीमधी चुकायचा. आत्याबाई चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

मी लग्न होऊन आले ती पन्नासनंतरची वर्षं. ह्यांची नोकरी रेल्वेत, स्टेशनाजवळ आमचं बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडातलं स्वयंपाकघर आत्याबाईंचं. आम्ही बाकीची माणसं तिथे त्यांच्या परवानगीने वावरायचो. ठेंगण्या, गोऱ्यापान, तोंडात औषधालासुद्धा दात नाही. भाकरी दुधात कुस्करून खायच्या आणि वर बडीशेप हवी म्हणून ती खलबत्त्यात कुटून घ्यायच्या. पण पाहुणा येणार म्हटलं की ह्याच आत्याबाई पदर खोचून अशा काही उभ्या राहायच्या, की चूलसुद्धा धूर करायची थांबायची. त्यांचं म्हणणं एकच. आपल्या घरी जेवलेला माणूस तोंड गोड करून गेला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी चहा प्यायला उठला पाहिजे.

आता ह्यात दुसऱ्या वाक्याचं काय कारण, असं नव्या सुनेला वाटणारच. मलाही वाटलं. मग मी त्यांची रीत पाहिली. नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थाची चव घ्यायची नाही हे तर सगळ्याच घरांत होतं. आत्याबाई त्यावर आपल्या हाताने तोड काढायच्या. उजव्या हातात कालथा, डावा हात कोपरापर्यंत उघडा, वाफेवर धरलेला, आणि नजर पातेल्यात नाही तर त्या हातावर. तूप पडलं, हात बघितला. रवा पडला, हात बघितला. येणाऱ्या पाहुण्याला जे बाधत असेल ते पातेल्यात पडलं की आत्याबाईंच्या हातावर टपोऱ्या लाल गांधी उठायच्या. पाहुणा तेव्हा अजून त्याच्या घरी धोतर नेसत असायचा. इकडे आत्याबाई हात खाजवत पातेलं उतरवायच्या आणि म्हणायच्या, "हे नाही चालायचं त्यांना." गावातले डॉक्टर ह्याला अ‍ॅलर्जी म्हणत. आत्याबाईंनी त्यांना ऐकवलं होतं, की नाव तुमचं असू दे, खाज माझी आहे.

मला पहिला प्रत्यय आला तो घोलवडच्या एका शेठच्या वेळी. चिकूचा व्यापार, माल रेल्वेने जाणारा, म्हणून ह्यांची ओळख. दुपारपासून बासुंदी आटत होती. अर्ध्यावर हात फुलला. आत्याबाईंनी ती सगळी बासुंदी शेजारी देऊन टाकली आणि नारळाचं दूध काढून ताडगुळाची खीर घातली. म्हातारी चळली, असं मी मनात म्हटलं. शेठ आले, पानावर बसले, वाटीत डोकावले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की ते कढीआधी खीरच प्यायले. मग हळूच म्हणाले, "बा, मने दूध नथी फावतुं, सोसत नाही. पण कोणाच्या घरी बोलणार कसं?" आणि एवढं बोलून त्यांचा घास हातातच राहिला. तुम्हांला सांगितलं कोणी, त्यांनी विचारलं. कोणी नाही, म्हणून आत्याबाईंनी आणखी एक पळी वाढली. पुढे दर हंगामात शेठकडून चिकूची करंडी यायची. शेठ स्वतः मात्र आमचा उंबरा पुन्हा चढले नाहीत.

हे सगळं सुरू कुठून झालं ते मला ह्यांनी सांगितलं. आत्याबाईंना एक मुलगी होती, चिमी. तिळाच्या लाडवासाठी जीव टाकायची. एका संक्रांतीला कोणाच्या तरी घरी हळदीकुंकवाला गेली असताना तिने लाडू खाल्ला, ओठ सुजले, घसा धरला, आणि बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं. तेव्हापासून घरात तीळ नाही. सगळं गाव तिळगूळ वाटायचं आणि आम्ही खोबऱ्याच्या वड्या. कोणी चुकून पुडी आणली तर पाहुणा असो नसो, आत्याबाईंचा हात कोपरापर्यंत लाल.

पण त्या हाताने आमचा जीव खरा टांगणीला लावला तो माझ्या धाकट्या नणंदेला बघायला आले तेव्हा. आधीची स्थळं फिसकटलेली. हा मुलगा तलासरीच्या शाळेत मास्तर, निर्व्यसनी, मुलीला पसंत. म्हणून खास काजू आणून शिरा करायचा ठरला. काजू तुपात पडले आणि हात फुलला. ह्यांनी आयुष्यात आवाज चढवला नाही, त्या दिवशी मात्र जवळजवळ हात जोडले. म्हणाले, "आत्या, आजचा एक दिवस तो हात झाकून ठेव." आत्याबाईंनी निमूटपणे हातावर पदर घेतला आणि परतत राहिल्या. मग मी बघत असताना त्यांच्या मानेवर गांध उठली. मग गालावर. मग उजवा डोळा सुजून मिटला. त्यांनी कढई उचलली आणि परसात नेऊन शिरा मातीत ओतला.

मंडळी एस. टी.तून उतरून दारात आली तेव्हा चुलीवर केळीच्या पानांतले तांदळाचे गोड पानगे होते. मुलाच्या आईने बशीत बघितलं आणि म्हणाली, "आमच्याकडे आल्यागेल्यालासुद्धा शिरा मिळतो हो." नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या, एक डोळा मिटलेला, गाल फुगलेला.

"करते की शिरा," त्या शांतपणे म्हणाल्या. "काजू घालून करते. घालू?"

मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांच्या आईचा रंग उतरला. शेवटी मास्तरच म्हणाले, "घालू नका. काजूने माझा घसा धरतो. आईने सांगू नको म्हटलं होतं, स्थळ मोडेल म्हणून."

"मग दोन पानगे जास्त घ्या," आत्याबाई म्हणाल्या. आणि त्यांचा डोळा तिथल्या तिथे, आम्हां सगळ्यांदेखत, हळूहळू उघडला.

लग्न झालं. चांगलं झालं. विहीणबाई मात्र मांडवात आत्याबाई जवळून गेल्या की घरातली लहान पोरं पदराखाली घ्यायच्या.

बऱ्याच वर्षांनी, ऐन वैशाखात, आत्याबाईंनी मला तीळ आणायला सांगितले. वाण्याने दोनदा विचारलं, मीही घरी येऊन त्यांना विचारलं. त्यांनी चूल पेटवली. कढईत तीळ टाकले, ते तडतडायला लागले, आणि आत्याबाईंनी डावा हात वर धरला. हात पांढरा, सुरकुतलेला, स्वच्छ. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"बघ सूनबाई. काही नाही."

मी विचारलं, कोण येणार आहे?

"आता चिमीला काही होत नाही गं," त्या म्हणाल्या. "मीच वेडी, इतकी वर्षं तिला उपाशी ठेवली."

लाडू त्यांनी अगदी लहान वळले, पोराच्या मुठीत मावतील असे. समोर एक छोटा पाट मांडला, ताटलीत लाडू ठेवला, आणि मला म्हणाल्या, जरा शेजारी जाऊन ये. मी गेले. परत आले तेव्हा आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे मिटलेले. मला वाटलं डुलकी लागली. ती डुलकी नव्हती.

समोरच्या ताटलीत लाडू अर्धा होता. कडेला दातांच्या खुणा होत्या, बारीक, एकमेकींना चिकटून. हे म्हणाले उंदीर असेल. मी हो म्हटलं.

आता घरी पाहुणे येतात तेव्हा मी आधीच विचारते, काय चालत नाही ते सांगा हो, लाजू नका. सगळे म्हणतात, सगळं चालतं. मग मी कढईवर डावा हात धरून बघते. वाफ लागते, बाकी काही उठत नाही, आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी चहाला उठेपर्यंत मला झोप लागत नाही.